उसना धैवत

शनिवारी दुपारी वडगावात वीज नसते.
माग थांबले की गल्लीला कान येतात.
वैजू कीबोर्डात सहा सेल भरते आणि विचारते,
मामा, ही काळी हितं कशी काय चालते?
गाणं तर पांढरी एकचं आहे.

मला जे सांगितलं ते कॅम्पातल्या सांतान बार्देसकरांनी,
दर बुधवारी, पायपेटीवर,
जिचा डावा भाता दमेकरी होता.
खालच्या बेकरीतून पावाचा वास जिना चढायचा.
'सा घट्ट धर. आता ह्या घरातली माणसं मोज.'

मोजली. सात.
सा, म, प यांच्यावर उभ्या केलेल्या कॉर्ड हसऱ्या.
रे, ग, ध यांच्यावरच्या जरा डोळे भरलेल्या, तरी घरच्याच.
आणि निषादावरची एक, लंगडत येणारी,
कधी टेकून बसत नाही,
सा दिसला की उठून जागा देते.

'कंटाळलास?'
मी बारा वर्षांचा. मान हलवली.
'मग शेजारी जा की.'

शेजार म्हणजे भिंतीला भिंत.
सा तोच. पंचम तोच.
फक्त तिथं गंधार, धैवत, निषाद
थोडे खाली उतरून बसतात,
जशी गंगव्वा उंबरा सोडून पायरीवर बसायची,
सुपातल्या मिरच्यांचे देठ खुडत.

शेजार मला कळत होता.
दिवेलागणीला आई वाटी देऊन पाठवायची:
गंगव्वा, हेप्पु कोड्री.
तेव्हा एवढंच कानडी मला न अडखळता यायचं.
ती चमचाभर विरजण घालायची,
सकाळी दही आमचं.
साखर परत करतात. तूरडाळ परत करतात, वर चिमूटभर जास्त घालून.
विरजण परत केलेलं मी कुठं पाहिलं नाही.

मास्तरांनी मध्यमाची कॉर्ड धरली. म, ध, सा.
मग मधलं बोट, फक्त मधलं,
डावीकडच्या काळीवर सरकवलं.
म हलला नाही. वरचा सा हलला नाही.
पण खोलीत कुणीतरी
बोलता बोलता थांबलं.

'आता घरी चल.'
धैवत आणखी एक पायरी उतरला, पंचमात शिरला.
सा, ग, प. गंधार शुद्ध, मघाचाच,
आणि तरी
कुठून तरी जाऊन आलेला.

किती वेळ ठेवायचा, मास्तर?
'चमचाभर. वाटीभर आणलास तर घरच त्यांचं होईल.
वाईट नाही ते. पण मग ते गाणं दुसरं.'

त्याच वर्षी बाजारात पाट्यांना डांबर फासलं.
एकाच्या पाटीला याने, याच्या पाटीला त्याने.
बुधवारी बस बंद, शिकवणी बुडाली.
संध्याकाळी आईनं वाटी दिली.
मी म्हटलं, आज?
ती म्हणाली, दूध तापलंय.

गंगव्वाचं दार लावलेलं.
पायरीवर सूप नाही.
मी हाक मारली नाही, कुठल्या भाषेत मारायची ते ठरेना.
नुसती कडी वाजवली.
दार चार बोटं उघडलं,
आधी चमचा आला, मग हात, हिरव्या बांगड्या,
वाटीत टप्पकन पडलं,
दार लागलं.

दुसऱ्या दिवशीचं दही
जरा आंबट होतं. दोन दिवसांचं विरजण असणार.
आम्ही सगळं खाल्लं.

हे सगळं वैजूला कशाला सांगू?
मी तिचं मधलं बोट धरतो
आणि काळीवर नेऊन ठेवतो.
ती ऐकते. तोंड उघडं राहतं.
अगं काय करूलीस, उचल, घरी ये आता—

एवढ्यात वीज येते.
भिंतीपलीकडचे आठही माग एका दमात सुटतात,
मी ओरडतो, पंचमावर ये, पंचमावर,
तिला काही ऐकू येत नाही.
बोट अजून काळीवरच आहे.